कृपया डीलरशी संपर्क साधा

"नकाशाची डिस्क वाचता येत नाही. कृपया डीलरशी संपर्क साधा."

हे वाक्य ज्याने कोणी लिहिलं असेल त्याला मला एकदा भेटायचंय. मारामारी करायला नाही, कॉफी पाजेन मी त्याला. फक्त एक विचारायचंय: बाबा रे, खरं कारण तुला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?

आणि माहीत होतंच. हे मी हवेत बोलत नाहीये. इतकी वर्षं पोटासाठी कोड लिहितोय, त्यातली पहिली काही यंत्रांच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच गेली. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हने आपली दुखणी कशी सांगावीत याचं एक स्टँडर्ड आहे. त्यात "आत डिस्कच नाही" याला वेगळा कोड आहे. "डिस्क चुकीच्या प्रकारची आहे" याला वेगळा. लेन्सला फोकस जमत नाहीये, ट्रॅक पकडता येत नाहीये, डिस्क फिरवणारी मोटर नीट चालत नाहीये, या प्रत्येकाला अजून वेगळे. म्हणजे पेशंट डॉक्टरला व्यवस्थित सांगतोय की डावीकडची खालची दाढ दुखतेय, थंड प्यायलं की कळ येते, आणि मध्ये बसलेला दुभाषा सांगतोय, "पेशंटला बरं नाही." तो दुभाषा म्हणजे आपण. आपण म्हणजे सॉफ्टवेअरवाले. या लेखातला राग डीलरवर थोडा आणि आपल्यावर जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी पहिली गाडी घेतली तेव्हा खिशातल्या फोनमध्ये नकाशा होताच, त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण २००० ते २०१० या काळात अमेरिकेत, जपानमध्ये, युरोपात ज्या जरा वरच्या दर्जाच्या गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या पुष्कळांमध्ये नॅव्हिगेशन डीव्हीडीवर चालायचं. एक डबा असतो, कधी पडद्यामागे, कधी सीटखाली, कधी डिकीत. त्यात नकाशाची डिस्क कायमची बसलेली. गाडी सुरू केली की ती फिरायला लागते आणि गाडी जाईल तसतसा पुढच्या भागाचा नकाशा वाचत राहते. माझी गाडी अशीच, २००६ सालची. मी ती २०१३ मध्ये तिच्या आधीच्या मालकाकडून घेतली, आणि अजून ती एक नंबर पळते. गेल्या हिवाळ्यात वरचं वाक्य पडद्यावर यायला लागलं. आधी कधीतरी, मग रोज.

अधिकृत सर्व्हिस सेंटरवाल्याने (नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही सेंटरवर हेच झालं असतं असं माझं मत आहे) तपासायचे १४० डॉलर घेतले आणि सांगितलं, युनिट गेलंय. नवीन युनिट १,९०० डॉलर, बसवायची मजुरी वेगळी. मी विचारलं, युनिटमधलं काय गेलंय? तो म्हणाला, आम्ही युनिट उघडत नाही. मग गेलंय हे कशावरून? तर म्हणे पडद्यावर लिहून येतंय ना! म्हणजे जे वाक्य मला फुकटात वाचता येत होतं तेच त्याने मला १४० डॉलरला परत वाचून दाखवलं.

गाडी आज विकायला काढली तर तीन-साडेतीन हजारांच्या वर कोणी देणार नाही. तिच्यात एकोणीसशेचा डबा कोण घालणार? मी नाहीच घातला. पण आमच्या इमारतीत एक इथिओपियन गृहस्थ राहतात, टॅक्सी चालवतात. त्यांच्या गाडीत (कंपनी वेगळी, वाक्य तेच) दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं आणि त्यांनी १,४०० डॉलर मोजले. धंद्याची गाडी, गिऱ्हाईकासमोर पडद्यावर चूक दिसते म्हणून. ते त्यांच्याकडून ऐकलं आणि मग मी स्क्रूड्रायव्हर काढला.

आता थोडं आतल्या मामल्याबद्दल, कारण ते समजलं की हा १,९०० चा आकडा किती हास्यास्पद आहे ते कळतं.

डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर असतो. समोर मसुराच्या दाण्याएवढी एक लेन्स, ती केसासारख्या बारीक तारांवर तोललेली. डिस्क फिरताना किंचित वर-खाली हेलकावते, तेव्हा लेन्सही तिच्याबरोबर वर-खाली, आतबाहेर नाचते, सेकंदाला असंख्य वेळा. डिस्कवरून परत आलेला उजेड मोजायचा, त्यावरून शून्य का एक ते ठरवायचं, झालं. ट्रॅकमधलं अंतर पाऊण मायक्रोमीटर. सीडीचं १.६ मायक्रोमीटर असायचं, म्हणजे डीव्हीडीत सगळं दुपटीहून दाट. त्यात नकाशाच्या कित्येक डिस्का दोन थरांच्या असतात, कारण अख्ख्या अमेरिकेचा नकाशा एका थराच्या ४.७ जीबीत मावत नाही. आणि गंमत इथेच आहे. एका थराच्या डिस्कवरून लेझरचा ४५ ते ८५ टक्के उजेड परत येतो. दोन थरांच्या डिस्कवरून फक्त १८ ते ३०. म्हणजे ड्राइव्ह आधीच अर्धपोटी आहे. आता त्या लेन्सवर वीस वर्षांचं पुटं चढवा. धूळ, आधीच्या मालकाच्या सिगरेटचा धूर, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून सुटणारी वाफ. गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट थर जमतो ना, तोच लेन्सवर जमतो. काच आपण पुसतो. लेन्स कोणी पुसत नाही, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नसतं.

म्हणून अशी डिस्क "वाचता येत नाही" म्हटलं की पहिला संशय डिस्कवर, दुसरा लेन्सवर, आणि लेझर किंवा मोटर खरोखर गेली हा अगदी शेवटचा. डीलरची यादी मात्र शेवटापासून सुरू होते.

तर करायचं काय. डिस्क काढून उजेडात धरा. चरे दिसले तर ते कुठल्या दिशेने आहेत ते बघा. मधून बाहेर जाणारा उभा चरा सहसा काही बिघडवत नाही, कारण तो प्रत्येक ट्रॅकला कणभरच छेदतो आणि तेवढी तूट भरून काढायची सोय डेटामध्येच केलेली असते. (रीड-सॉलोमन कोड. १९६० सालचं गणित, अजून रोज आपल्या सगळ्यांची लाज राखतंय.) गोल, ट्रॅकच्या बाजूने गेलेला चरा मात्र वाईट. म्हणूनच डिस्क पुसायची ती मऊ कापडाने, मधून बाहेर, सरळ. गोल गोल नाही. टूथपेस्ट लावून घासायचा जो उपाय सगळे सांगतात तो कृपया करू नका, टूथपेस्ट दातांसाठी ठेवा.

डिस्क स्वच्छ असूनही चालत नसेल तर दुसरी डिस्क घालून बघायची. इथे एक खड्डा आहे. पुष्कळ जण गाण्यांची सीडी घालून बघतात (ज्या डब्यांत सीडी चालते त्यात), ती वाजते, आणि मग म्हणतात ड्राइव्ह ठीक आहे, डिस्कच खराब. असं सिद्ध होत नाही! सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, तो वेगळा असतो. सीडी वाजली म्हणजे मोटर फिरतेय आणि लेन्स हलतेय एवढंच कळलं. लाल लेझरबद्दल काहीच कळलं नाही. आणि सीडीच्या ट्रॅकना एवढी बारीक नजरही लागत नाही, मळक्या चष्म्यातूनही मोठी अक्षरं दिसतात तसं. तपासायचं तर डीव्हीडीनेच.

चूक कधी येते हेही बघा. थंडीत पहाटे येते आणि अर्ध्या तासाने आपोआप जाते, तर बहुतेक लेन्सवर दव धरतंय. गाडी भर उन्हात तापल्यावरच येते, तर लेझर दमत चाललाय. उन्हाळा असो हिवाळा असो सदासर्वकाळ येते, तर पुसून बघा.

पुसणं म्हणजे: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पण थांबा, त्याआधी गाडीच्या रेडिओ-नॅव्हिगेशनला चोरीविरोधी कोड आहे का ते बघून तो लिहून ठेवा. काही गाड्यांत बॅटरी काढली की पडदा कोड मागतो, आणि कोड नसला तर परत आहेच, कृपया डीलरशी संपर्क साधा. मग डबा बाहेर काढा, झाकणाचे स्क्रू काढा, ड्राइव्हच्या आत लेन्स दिसेपर्यंत जा. फोटो काढत काढत जा म्हणजे जोडताना शोधाशोध नको. फार्मसीत आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. इअरबडवर अगदी थोडं, टपकेल इतकं नाही. लेन्सवर न दाबता अलगद फिरवायचं, मग कोरड्या इअरबडने तसंच. लेन्स तारांवर तरंगतेय हे विसरायचं नाही, बाळाच्या डोळ्यातली चिपडं काढतो तेवढाच जोर. ब्रश लावलेल्या ज्या "क्लीनिंग डिस्क" मिळतात त्यांच्या वाटेला मी जात नाही. डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये तो ब्रश कुठे अडकला तर नसतं दुखणं. आणि ड्राइव्ह उघडा असताना बॅटरी जोडून आत डोकावायचं नाही, तो लेझर आहे.

मला सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली. त्यातली चाळीस स्क्रू काढण्यात आणि लावण्यात. खर्च चार डॉलर, बाटली अजून पाऊण भरलेली आहे. नकाशा आला. तेव्हापासून एकदाही रुसलेला नाही.

(पुसूनही भागलं नाही तर लेझर आणि लेन्स एकत्र असलेला भाग, ज्याला पिकअप म्हणतात, तो सुटा मिळू शकतो. तो बदलणं जरा नाजूक काम आहे, पण अख्ख्या युनिटच्या किमतीशी त्याची तुलनाच नको.)

हे काही मोठं कर्तृत्व नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला व्हीसीआर दुरुस्त करणारी माणसं "चित्र खराब येतंय" म्हटल्याबरोबर झाकण उघडून हेड पुसायची. स्पिरिट आणि कापूस, पाच मिनिटं. घरोघरच्या लोकांना ते माहीत होतं. कॅसेट प्लेअरचं हेड तर आम्ही शाळेत असताना पुसायचो. तेव्हा "युनिट गेलंय" असं कोणी म्हटलं असतं तर आमच्या वडिलांनी दुकानदाराला उभा-आडवा सोलला असता. मग २००६ सालची लेन्स पुसणं अचानक अधिकृत, प्रशिक्षित, प्रमाणित माणसाचं काम कसं झालं? आणि तो माणूसही ते करत नाहीच!

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? फोन आहे की! हा प्रश्न मला हापिसात प्रत्येकाने विचारला, म्हणून त्याचं उत्तर देतो. हो, मीही रोज फोनच वापरतो. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने फोनवर फुकट नॅव्हिगेशन आणलं आणि डिस्कवाल्या डब्यांचा धंदा तिथेच बसला, हे मलाही दिसतंय. डिस्कवरचा नकाशा जुना आहे, नवे रस्ते त्यात नाहीत.

पण एक उदाहरण सांगतो. मी उत्तर व्हर्जिनियात राहतो. इथून पश्चिमेला चारेक तास गाडी हाकली की वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँक नावाचं गाव लागतं. तिथे पूर्ण फिरवता येणारी जगातली सगळ्यात मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिची थाळी १०० मीटरची. (आपल्या खोडदच्या दुर्बिणीत ३० थाळ्या आहेत, एकेक ४५ मीटरची. नारायणगावला मिसळ खायला थांबता तेव्हा जरा आत जाऊन बघून या.) या दुर्बिणीला आकाशातली कुजबुज ऐकू यावी म्हणून १९५८ पासून भोवतीचे सुमारे १३,००० चौरस मैल "शांतता क्षेत्र" आहेत. ग्रीन बँकच्या जवळ गेलं की फोनचं सिग्नल गुल. आधी आठवणीने नकाशा उतरवून ठेवला असेल तर ठीक, नाहीतर फोन म्हणजे नुसता टॉर्च. माझा डबा मात्र तिथे मजेत चालला. त्याला टॉवर लागतच नाही. वीस हजार किलोमीटरवरचे उपग्रह काय बोलतात ते तो फक्त ऐकतो, स्वतः एक अक्षर बोलत नाही, म्हणून दुर्बिणीलाही त्याचा त्रास नाही. बोगद्यात उपग्रहही दिसेनासे झाले तर चाकांचे फेरे आणि जायरो यांवरून अंदाज बांधत राहतो. हे १९८१ सालचं तंत्र आहे. होंडाने जपानमध्ये जायरोवर चालणारं नॅव्हिगेशन काढलं तेव्हा वापरायला उपग्रहच नव्हते, आणि नकाशे पारदर्शक फिल्मवर छापून पडद्यासमोर सरकवायला लागायचे. म्हणजे ड्राइव्ह नाही, लेन्स नाही, नकाशा वाचायला दोन डोळे पुरे!

पण खरं सांगू का, फोन आहे की नाही हा मुद्दाच नाही. माझ्या घरात दुसरं घड्याळ आहे म्हणून घड्याळजीने पहिल्याचा सेल बदलायचे १,९०० घ्यावेत का? आणि फोनचं कारण पुढे करणारे लोक एक विसरतात. अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या गाड्यांचं सरासरी वय आता साडेबारा वर्षांच्या पुढे गेलंय. जुन्या गाड्या म्हणजे शौकिनांचे चोचले नव्हेत. नुकता आलेला विद्यार्थी, टॅक्सीवाला, दोन नोकऱ्या करणारी बाई, हे लोक त्या चालवतात. न समजणाऱ्या एका वाक्यामुळे चौदाशे डॉलर जातात ते त्यांचे, माझे-तुमचे नाही. आपण लीजवरची नवी गाडी घेतो आणि तीन वर्षांनी परत देऊन टाकतो.

कायद्याचंही जरा बघू. अमेरिकेत १९९८ चा एक कॉपीराइट कायदा आहे. सॉफ्टवेअरला लावलेलं कुलूप तोडणं त्यात गुन्हा ठरतं, मग ते सॉफ्टवेअर तुमच्या स्वतःच्या गाडीतलं का असेना. दर तीन वर्षांनी त्यातून काही सवलती मिळतात. २०१५ मध्ये पहिल्यांदा गाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीला सवलत मिळाली, पण त्यातून टेलिमॅटिक्स आणि करमणुकीच्या यंत्रणा वगळल्या. म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर, ज्याने माणूस मरू शकतो, ते तपासायला परवानगी आणि डॅशबोर्डवरच्या पडद्यामागचं जग कुंपणाबाहेर! ते वगळणं २०१८ मध्ये काढलं. तीन वर्षं लागली. लेन्स पुसायला अर्थात कुठलंच कुलूप तोडावं लागत नाही, पण कंपन्यांची वृत्ती काय आहे ते यातून दिसतं. मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांनी २०१२ मध्ये मतपेटीतून दुरुस्तीचा हक्क मागितला, आणि २०२० मध्ये गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीसाठी परत मागितला, सुमारे ७५ टक्के मतांनी. त्यानंतर दोन कंपन्यांनी काय करावं? त्या राज्यात विकलेल्या आपल्या २०२२ च्या गाड्यांमधली ती सेवाच बंद ठेवली. चेंडू माझा, मी घरी चाललो.

भारतात हे नाही असं समजू नका. तिथे तर एका ग्राहकाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ गाडी कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय, तर सुटे भाग आणि दोष तपासायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू दिली नाहीत. कंपन्यांनी बौद्धिक संपदेची ढाल पुढे केली, आयोगाने ती मानली नाही. पुढे अपिलं वगैरे व्हायची ती झाली. पण निकाल वाचताना वाटलं, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला जे रोज अनुभवायला मिळतं ते कोणीतरी एकदाचं कागदावर लिहिलं.

आता आपल्याकडे येऊ. आपण काय कारणं देतो ते मला पाठ आहे, मीही त्या मीटिंगांना बसलोय. "ग्राहक गोंधळेल." "सपोर्टचे फोन वाढतील." "लीगलवाले म्हणाले असं लिहू नका." मग हापिसातलं झेरॉक्स मशीन बघा. कागद अडकला की पडद्यावर चित्र येतं, तीन नंबरचं झाकण उघडा, हिरवा खटका उजवीकडे फिरवा, कागद असा ओढा. रिसेप्शनिस्टपासून व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत सगळे तो कागद काढतात, कोणी गोंधळत नाही. त्या यंत्रात इतकी सभ्यता कुठून आली? माझं उत्तर असं: ती यंत्रं बऱ्याचदा कराराने दिलेली असतात, आणि दुरुस्तीला माणूस पाठवायचा खर्च करार करणाऱ्याच्या अंगावर येतो. खर्च ज्याचा त्याच्या सोयीचं वाक्य लिहिलं जातं. गाडीत खर्च माझा, म्हणून वाक्य डीलरच्या सोयीचं.

बरं, खरी माहिती गाडीत असतेही. बऱ्याच गाड्यांमध्ये दोन-तीन बटणं एकत्र दाबून धरली की एक छुपा मेन्यू उघडतो. किती उपग्रह दिसतायत, चाकांचे फेरे येतायत का, ड्राइव्ह काय म्हणतोय, सगळं. म्हणजे कोणीतरी बसून तो पडदा बनवला, तपासला, आणि मग मालकापासून लपवला. याला आळस म्हणता येत नाही. लपवायलाही कोड लिहावा लागतो.

माझी मागणी अगदी साधी आहे. तो मेन्यू उघडा ठेवा. कोड दाखवा, आणि त्याखाली एक वाक्य, "लेन्स मळली असण्याची शक्यता आहे". मॅन्युअलची तीनशे पानं छापता, त्यात सीट बेल्ट कसा लावायचा याला चार पानं देता, एक पान लेन्ससाठी द्या. आणि ज्या दिवशी नकाशाच्या नव्या डिस्का काढणं बंद कराल त्या दिवशी शेवटच्या डिस्कची नक्कल करायची परवानगी द्या. माझ्या गाडीसाठी आता नवी डिस्क निघत नाही, आणि हातातली आहे तिच्या खोक्यावर नक्कल करू नका म्हणून दटावून ठेवलंय. नवी देणार नाही, जुनी जपू देणार नाही. मग मी काय करावं अशी यांची अपेक्षा आहे?

नव्या गाड्यांत हे प्रकरण सुटलंय असं वाटत असेल तर २०२२ आठवा. त्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या फोन कंपन्यांनी थ्री-जी बंद केलं आणि कितीतरी गाड्यांमधल्या जोडणीच्या सेवा, अपघात झाल्यावर आपोआप फोन लावणारीसुद्धा, एका रात्रीत मुक्या झाल्या. काही कंपन्यांनी नवा मोडेम दिला, काहींनी दिलगिरीचं पत्र. त्या मालकांना पुसायला लेन्सही नव्हती. पुढच्या वेळी तुमच्या टीममध्ये "सर्व्हर बंद झाला तर गाडीत काय चालू राहील?" हा प्रश्न कोणी विचारत नसेल, तर तुम्ही विचारा. फार तर मीटिंग दहा मिनिटं लांबेल.

ते इथिओपियन गृहस्थ परवा लिफ्टमध्ये भेटले. त्यांच्या भावाच्या गाडीत आता तेच वाक्य यायला लागलंय. येत्या शनिवारी सकाळी त्यांची गाडी उघडायची ठरलंय, आमच्या पार्किंगमध्येच. उत्तर व्हर्जिनिया किंवा मेरीलँडच्या अल्याड-पल्याड कोणाची डिस्क रुसली असेल तर तुम्हीही या. आयसोप्रोपिल माझ्याकडे आहे. इअरबड तुमचे आणा, आणि चोरीविरोधी कोड आठवणीने लिहून आणा :)